जास्वंदीचा लाल गोळा: फुलाचा फोटो चित्रात सपाट दिसतो तेव्हा काय तपासायचं

चतुर्थीला महिनाभर असताना माझ्याकडे कार्डांची मागणी सुरू होते. जवळून काढलेला फुलाचा फोटो आणि त्याच्या मागे-भोवती टॅबलेटवर रंगवलेलं चित्र, म्हणजे माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचा) कोपरा, कौलांच्या पागोळ्या, अंगणातलं तुळशीवृंदावन. पहिल्या वर्षी जास्वंदीचं कार्ड मी मोठ्या कौतुकाने शेजारच्या वहिनीला दाखवलं. तिने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि म्हणाली, "हें फूल न्हय गो, गुलाल!"

खरंच होतं तिचं. पाकळीवर एक शीर दिसत नव्हती. मागचं रंगवलेलं वृंदावन खरं वाटत होतं आणि खरं फूल मात्र कागद कापून चिकटवल्यासारखं. तेव्हापासून दर पावसाळ्यात हाच बिघाड मी स्वतःच्या आणि फोंड्यापासून म्हापशापर्यंतच्या ओळखीच्यांच्या फायलींमध्ये दुरुस्त करत आले आहे. कारणं पाच-सहाच आहेत, पण लोक सुरुवात नेमकी महागड्या टोकापासून करतात. आधी नवी लेन्स घेतात आणि जुनी पुसायची राहूनच जाते.

लक्षणं

- लाल, राणी किंवा गडद केशरी फूल सपाट दिसतं. मोठं करून बघितलं तर आत शिरा नाहीत, सुरकुती नाही.
- रंग उचलायची पिपेट पाकळीवर कुठेही टेकवा, जवळपास तोच लाल हाती येतो.
- पानं, देठ, भिंत सगळं व्यवस्थित आहे, बिघडलंय ते फक्त फूल.
- वर रंगाचा थर चढवून ओव्हरले किंवा मल्टिप्लाय (थर खालच्या चित्रात मिसळायच्या पद्धती) केलं की फूल एकदम भडकतं किंवा काळं पडतं.
- कापून घेतलेल्या फुलाभोवती हिरवी नाहीतर पांढुरकी किनार राहते.
- छापून आल्यावर जास्वंद विटकरी आणि तेरडा मळकट.
- सगळ्या फोटोवरच दुधाळ पडदा आहे.

पहिली तीन एकत्र असतील तर लाल तुंबलाय, तुम्ही सरळ चौथ्या तपासणीवर गेलात तरी चालेल. फक्त दुधाळ पडदा असेल तर पहिलीच तपासणी तुमच्यासाठी आहे. छपाईतच रंग मरत असेल तर शेवटची. बाकीच्यांनी क्रमाने जावं, कारण वरच्या तीन तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि निम्मे लोक तिथेच सुटतात.

१. भिंग पुसा

हसू नका. फोन खिशात, हात खोबरेल तेलाचे, आणि बाहेर जून ते सप्टेंबर कोंदट हवा. तेलकट भिंगातून आलेला उजेड पसरतो आणि बाजूच्या उजळ भागाची झाक गडद पाकळीवर चढते. फुलाच्या जवळ गेलं की फ्रेममध्ये आकाशाचा तुकडा किंवा ओल्या पानाची चमक हमखास असते, म्हणून जवळच्या फोटोत हे जास्त जाणवतं. मऊ, धुतलेलं सुती कापड पुरतं. पदराने पुसू नका, त्यात मिठाचे आणि धुळीचे कण असतात.

दुसरं, एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात आणला की काचेवर दव धरतं, थंड बाटलीला बाहेर पाणी सुटतं तसंच. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणायची आणि अर्धा तास तशीच ठेवायची. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा येतं.

पुसल्यावरही पडदा राहिला तर लेन्स काढून मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. तसं असेल तर इथेच थांबा आणि या लेखाच्या शेवटच्या भागात जा. आपल्याकडे चपला, पट्टा, पापडाचा डबा कशालाच बुरशी सोडत नाही, लेन्स कुठली सुटणार.

२. पडदा खोटं बोलतोय का?

रात्री चित्र रंगवायला बसलात आणि डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड चालू राहिला, तर जो लाल तुम्ही 'बरोबर' करता तो मुळात चुकलेला असतो. काही फोनवर पडद्याचा 'व्हिव्हिड' प्रकार आधीपासून निवडलेला असतो. त्यात फूल असतं त्याहून भडक दिसतं आणि पाकळीतला बारीक फरक डोळ्यांना कळत नाही. दोन्ही बंद करा, ब्राइटनेस मध्यावर आणा आणि तीच फाईल दुसऱ्या एखाद्या पडद्यावर उघडा. तिथे शिरा दिसल्या तर फाईल ठणठणीत आहे आणि तुमचं काम संपलं.

३. फाईल कुठून आली?

"फोटो पाठवते, जरा बघ ना" म्हणून मेसेजिंग अ‍ॅपवरून येणाऱ्या दहापैकी आठ फायली आधीच चुरगळलेल्या असतात. फोनमधली मूळ फाईल चार-पाच एमबीची आणि आलेली दोन-तीनशे केबीची असेल तर त्यावर मेहनत घेऊ नका, मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

लाल फुलाला या चुरगळण्याचा फटका जास्त बसतो, याला कारण आहे. जेपेग फाईल उजेड आणि रंग वेगळे ठेवते. उजेडाचा तपशील ती जपते आणि रंगाचा मात्र बऱ्याचदा आडवा-उभा निम्माच ठेवते, कारण आपल्या डोळ्यांना एरवी ते कळत नाही. लाल पाकळीवर उजेडाचा फरक मुळात थोडा, बराचसा फरक रंगातच असतो. म्हणजे जे टाकून दिलं तेच आपल्याला हवं होतं. वर मोठं करून बघितलं तर ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनी ठोकळे दिसतात, जाळीदार फरशीसारखे.

४. आकडे वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कुठलंही अ‍ॅप चालेल. क्रिता आणि जिम्प दोन्ही फुकट आहेत. पिपेट घ्या आणि पाकळीवर तीन ठिकाणी टेकवा: सगळ्यात उजळ जागी, मध्यम जागी आणि सावलीच्या घडीत. प्रत्येक वेळी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतील, ० ते २५५ मधले. कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

परवाच्या एका फायलीतले माझे आकडे देते. उजळ जागा: २५५, ३८, ५२. मध्यम: २५५, २१, ४०. घडी: २४९, १२, ३१. लालकडे बघा. पायली शिगोशीग भरली, आता वर कितीही तांदूळ ओता, बाहेर सांडणार. उजळ भाग आणि मध्यम भाग दोघेही २५५ वर अडकलेत, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. याला मी लाल तुंबणं म्हणते.

पण कॅमेऱ्याने हे होऊ का दिलं? कारण उजेडाचं माप काढताना कॅमेऱ्याला लालची फारशी फिकीर नसते. नेहमीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत एकूण उजेडामध्ये हिरव्याचा वाटा ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७ धरलेला आहे. माणसाचा डोळा साधारण तसाच बघतो. त्यामुळे लाल पुरता भरून वाहत असला तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा एकेरी आलेख (हिस्टोग्राम: डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड) उजव्या कडेच्या जवळपासही पोचत नाही आणि आपण म्हणतो, आलेख तर छान आहे! कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय असेल तर ती कायमची चालू ठेवा.

त्यात आणखी एक भर. बहुतेक सेन्सरवर रंगांची जी जाळी बसवलेली असते तिचं पेटंट १९७६ साली कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावे झालं. तिच्या दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल उजेड टिपणाऱ्या चौकटी फक्त ६० लाख, बाकीचं कॅमेरा अंदाजाने भरतो. हिरव्या पानाची जाळी लख्ख येते आणि लाल पाकळीची येत नाही, त्यातला काही दोष या वाटणीचा आहे.

आता तुमचे आकडे. तीन शक्यता आहेत.

लाल २५५ वर अडकलाय पण हिरवा आणि निळा हलताहेत, जसे वरच्या उदाहरणात. ही चांगली बातमी आहे, शिरा हिरव्या चॅनेलमध्ये, म्हणजे फक्त हिरव्याच्या आकड्यांत, जिवंत आहेत.

लाल २१०-२३० च्या आसपास ठीक आहे, पण हिरवा किंवा निळा सगळीकडे ०. इथे उजेड जास्त झालेला नाही, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) जास्त झालंय, किंवा जास्त रंग मावणाऱ्या मोठ्या रंगपद्धतीतली फाईल एसआरजीबीत कोंबताना तळ लागलाय. सॅच्युरेशन मागे घ्या. मूळ रॉ फाईल (सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल) असेल तर तिथूनच घ्या.

तिन्ही आकडे तिन्ही जागी सारखेच. मग त्या फायलीत पाकळी नाहीच, फक्त रंग आहे.

पहिल्या प्रकारावर माझा नेहमीचा उपाय. फोटोच्या थराची प्रत काढायची. चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोम करून लाल ०, निळा ०, हिरवा १०० ठेवायचा. फूल जवळजवळ काळं दिसेल, घाबरू नका. लेव्हल्सने पाकळी मध्यम राखाडीपर्यंत उजळा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी खुर्चीतून पुढे झुकले होते: पाकळीच्या देठापासून कडेपर्यंत पसरत जाणाऱ्या शिरा, कडेची झालर, मधल्या दांडीची पाकळीवर पडलेली सावली, सगळं तिथे होतं. हा राखाडी थर मूळ फोटोवर ठेवून सॉफ्ट लाइट किंवा ल्युमिनॉसिटी करा, अपारदर्शकता ३० ते ४० टक्के, आणि मास्क लावून फक्त पाकळ्यांपुरता ठेवा. कण (फोटोतला दाणेदारपणा) जास्त दिसले तर आधी थोडा ब्लर द्या. टॅबलेटच्या अ‍ॅपमध्ये चॅनेल मिक्सर नसेल तर एवढी एक पायरी संगणकावर जिम्पमध्ये उरका.

चित्र काढणाऱ्यांसाठी या थराचा दुसरा उपयोगही आहे. तो खालून दिसत ठेवून वर शिरा हाताने गिरवल्या तर रेषा खऱ्या फुलाच्या येतात, आठवणीतल्या येत नाहीत. माझी अर्धी कार्डं आता अशीच होतात.

५. पुन्हा फोटो काढा, पण वेगळा

जास्वंद सकाळी उमलते आणि बहुतेक जातींत संध्याकाळपर्यंत मिटते. म्हणून कालच्या फुलाचा नाद सोडा, उद्याचं बघा. उन्हात नको. ढगाळ सकाळ किंवा घराची सावली. ऊन आलंच तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये पांढरी छत्री धरा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर उणे १ पर्यंत खाली घ्या. फोनवर फुलावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढा. फोटो जरा काळपट वाटला पाहिजे. अंधारातला तपशील वर आणता येतो, सांडलेला गोळा करता येत नाही.

पिक्चर स्टाइल (कॅमेरा फोटोवर रंग चढवतो तो प्रकार) 'न्यूट्रल' ठेवा. रॉ काढत असाल तरी ठेवा, कारण कॅमेरा पडद्यावर आलेख दाखवतो तो स्टाइल चढवलेल्या प्रतिमेचा. फोनची दृश्य ओळखून रंग भडकवणारी सोय बंद. पोर्ट्रेट मोड तर नकोच, तो परागांचे पिवळे ठिपके कडेने कुरतडतो आणि मग फूल कापून घेताना तुम्ही कपाळाला हात लावता.

फोकसबद्दल थोडक्यात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो (जवळून फोटो काढायच्या) लेन्सने फूल खऱ्या आकाराएवढं घेतलं तर एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. जास्वंदीची मधली दांडी काही सेंटिमीटर पुढे आलेली. म्हणजे दांडी तरी घ्या, नाहीतर पाकळी तरी. एफ १६ वर नेऊन फारसं साधत नाही, कारण एवढ्या जवळून ते एफ ३२ सारखं वागतं आणि सगळंच मऊ पडतं. थोडं मागे सरका, किंवा फोकस पुढे-मागे सरकवत आठ-दहा फोटो काढून एकत्र करा. वारा असेल तर देठाला कपड्यांचा चिमटा आणि चिमट्याला बांबूची काडी. माझ्या सगळ्या साहित्यात हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

(कळलावीचा फोटो काढत असाल तर हात धुवा, ती विषारी आहे. सुंदर दिसते म्हणून पोरांच्या हातात देऊ नका.)

६. फोटो बरा, चित्रात गेल्यावर बिघडतो

आधी बघा थर कुठल्या क्रमाने आहेत. ओव्हरले किंवा मल्टिप्लायचा रंग संपूर्ण चित्रावर असेल तर तो फुलावरही चढतो. आधीच भरलेल्या लालवर ओव्हरले म्हणजे भरल्या पायलीत आणखी ओतणं. तो थर फुलाच्या खाली न्या, नाहीतर मास्क लावा.

कॅनव्हास ८ बिटचा असेल तर दर रंगाला फक्त २५६ पायऱ्या. गडद लालमधून काळ्याकडे जाताना पट्टे दिसतात. क्रितात १६ बिट निवडता येतं, तिथे ६५,५३६ पायऱ्या मिळतात. काम सुरू करतानाच निवडा. नंतर बदलून मधल्या पायऱ्या परत येत नाहीत. ए४ छापायचं असेल तर ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास लागतो. त्याहून लहान फूल ताणून बसवलंत तर शिरा पुन्हा गायब.

हिरवी किनार जाते ती मास्क एक-दोन पिक्सेल आत ढकलल्यावर. तेवढ्याने नाही गेली तर काठावर पाकळीचाच रंग 'कलर' मोडमध्ये फिरवा.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच आकड्यात सापडत नाही. फुलावर उजेड डावीकडून आणि रंगवलेल्या पणतीचा उजवीकडून असेल, तर सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही फूल चिकटवलेलंच दिसणार. फूल आडवं उलटवून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. शिवाय फोटोत बारीक कण असतात, रंगवलेला भाग गुळगुळीत असतो. शेवटी सगळ्यावर मिळून कणांचा अगदी हलका थर दिला की दोघं एका घरचे वाटतात.

७. छापल्यावर रंग मरतो

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, छपाईत तो तीन मिनिटंही टिकत नाही. पडदा उजेड फेकतो, कागद फक्त परतवतो. चार शाईंच्या छपाईत तेरड्याचा झळझळीत राणी रंग येतच नाही, त्याच्या जवळचा येतो. क्रितात किंवा फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफिंग (छपाई कशी येईल ते पडद्यावरच दाखवणारी सोय) चालू केलंत तर काय गमावणार ते आधीच दिसतं. तेव्हा भडकपणा वाढवू नका, भोवतीचं चित्र थंड आणि गडद करा. जांभ्या दगडाच्या काळपट भिंतीपुढे तोच फिका राणी रंग उठून दिसतो.

सगळी फाईलच उदास, राखाडी छापून आली तर रंगपद्धतीचा गोंधळ आहे. अडोबी आरजीबीतली (एसआरजीबीहून मोठ्या रंगपद्धतीतली) फाईल प्रोफाइलशिवाय (रंगपद्धती सांगणाऱ्या नोंदीशिवाय) पाठवली की समोरचा ती एसआरजीबी समजून छापतो. दुकानाने वेगळं काही मागितलं नसेल तर एसआरजीबीत आणून, प्रोफाइल जोडून पाठवा. शंभर कार्डांच्या आधी त्याच कागदावर नमुन्याची एक पट्टी छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. एका चतुर्थीला मी घाईत पट्टी काढली नाही. ऐंशी विटकरी जास्वंदी अजून कपाटात आहेत, मागची बाजू हिशेबाला वापरते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

लेन्समध्ये आत बुरशी दिसली तर ती उघडू नका. यूट्यूब बघून स्क्रू सोडवलेली एक लेन्स माझ्याकडे आली होती, तिच्या काचा पुन्हा सरळ रेषेत बसल्याच नाहीत. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर दुरुस्तीला द्या, बुरशी काचेवरचा लेप खायला लागली की डाग साफ करूनही राहतो. देण्याआधी खर्चाचा अंदाज विचारा. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सला तो बऱ्याचदा परवडत नाही. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

एफ १६ ला आकाशाचा फोटो काढून दर वेळी त्याच जागी काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. रबरी फुंकणीने दोनदा प्रयत्न करा. तोंडाने फुंकू नका, दाबाच्या डब्यातली हवाही नको. नाही गेली तर सेन्सर साफ करणाऱ्याकडे द्या, स्वतः काडी फिरवू नका. फोनच्या भिंगाच्या आत वाफ दिसली तरी तेच, आधी बंद करा आणि मग दुकानात न्या.

दोन-तीन वेळा पट्टी काढूनही पडदा आणि कागद जुळत नसतील आणि काम पैसे घेऊन करायचं असेल, तर पडद्याचं कॅलिब्रेशन (रंग मापून जुळवणं) यंत्राने करून घ्या. नजरेने केलेलं पुढच्या ढगाळ दिवशी चुकतं.

आणि चौथ्या तपासणीत तिन्ही आकडे सगळीकडे सारखे आले असतील तर कुणाकडेच जाऊ नका, तिथे कुणाला काही करता येणार नाही. त्या फुलाची बाह्यरेषा तेवढी वापरा आणि आतलं स्वतः रंगवा. नाहीतर पहाटे उठून कुंपणाशी जा, बहर असेल तर दुसरं उमलतच असेल.